डावे-उजवे रेणू आणि औषधाची गोळी

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांत हिवताप ही नेहमीची चिंता आहे. क्षयरोगाचे उपचारही गावोगावी चालतात. या दोन्ही रोगांवरील गोळ्यांमागे रसायनशास्त्राचे एक महत्त्वाचे तत्त्व आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ते जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

डावा हात ही उजव्या हाताची आरशातील प्रतिमा होय. परंतु डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही. काही रेणूंचेही असेच असते. अणू तेच, जोडणीही तीच; मांडणी मात्र उलट. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये अशा दोन प्रकारचे स्फटिक हाताने वेगळे करून हा भेद दाखविला. सजीवांतील प्रथिनेही ठराविक 'हाताची' असल्याने औषधाची दोन रूपे त्यांच्यावर सारखाच परिणाम करतील असे नाही.

व्हायव्हॅक्स हिवतापावरील क्लोरोक्वीन व प्रायमाक्वीन या गोळ्यांत दोन्ही रूपे समप्रमाणात असतात. फाल्सिपॅरमवरील मिश्र उपचारातील आर्टेसुनेट ज्यापासून तयार होते, ते आर्टेमिसिनिन मात्र वनस्पतीत एकाच रूपात घडते.

क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉलमध्ये हा भेद सर्वांत ठळक दिसतो. त्याचे एक रूप जंतूंवर प्रभावी, तर त्याची आरशातील प्रतिमा जवळजवळ निरुपयोगी असते. म्हणून गोळीत प्रभावी रूपच वापरतात. ओफ्लॉक्सासिन हे दोन्ही रूपांचे मिश्रण असून लेव्होफ्लॉक्सासिन हे त्यातील प्रभावी रूप होय. नावे जवळची असली तरी दोहोंच्या मात्रा सारख्या नाहीत. एकाऐवजी दुसरी गोळी स्वतःच्या मनाने घेणे अयोग्य आहे.

योग्य रूप निवडल्याने औषध निर्धोक होते, असे मात्र नव्हे. इथॅम्ब्युटॉलमुळे काही रुग्णांची दृष्टी मंदावते किंवा लाल-हिरव्या रंगांतील फरक कळेनासा होतो. अशी तक्रार आढळताच रुग्णाने विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे. प्रायमाक्वीन गर्भवती स्त्रिया व तान्ह्या बालकांना देत नाहीत. व्हायव्हॅक्स हिवतापात ते चौदा दिवस घ्यावे लागते. ताप उतरताच ते सोडल्यास यकृतात दडलेले जंतू पुन्हा उठतात.

ग्रामसभेत व शाळेत हातमोज्याचे हे उदाहरण सहज समजावता येईल. गोळी कोणती, किती व किती दिवस हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवावे आणि ते पूर्ण होईल याची काळजी गावाने घ्यावी, हेच त्याचे तात्पर्य होय.