तिकीट एकाचे, विमान दुसऱ्याचे



हंगामात ऊस जादा झाला की आपल्याकडे नोंदलेला थोडाफार ऊस शेजारच्या कारखान्याला द्यावा लागतो. नोंद आपल्या शेतकी खात्यात, काटा आणि गाळप त्यांच्याकडे. कोणती तक्रार कुठे करायची हे ज्याला ठाऊक नसते, त्याचे हेलपाटे ठरलेलेच. विमानप्रवासातही असेच घडते. आज आपल्यापैकी अनेकांची मुले जर्मनी-अमेरिकेत आहेत आणि आईवडील त्यांच्याकडे जातात, म्हणून हा विषय घेतला आहे.

तिकीट एका कंपनीने विकायचे आणि विमान दुसरीने उडवायचे, या व्यवस्थेला 'कोडशेअर' म्हणतात. उदाहरण घेऊ. लुफ्तान्सा ही १९९७ साली 'स्टार अलायन्स' हा गट स्थापन करणाऱ्या पाच कंपन्यांपैकी एक. एअर इंडिया २०१४ साली त्या गटात आली. लुफ्तान्साच्या काही विमानांतील जागा एअर इंडिया स्वतःचा 'एआय' क्रमांक घालून विकते. तिकिटावर 'एआय' दिसले तरी विमान लुफ्तान्साचे, माणसे त्यांची आणि जेवणही त्यांचेच.

हे ओळखायचे कसे? तिकिटावर विमानाच्या क्रमांकाजवळ 'ऑपरेटेड बाय' असे छापलेले असते. त्यापुढचे नाव विमान उडवणाऱ्या कंपनीचे. तिकिटाचा क्रमांक तेरा आकडी असतो. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कोणी दिले ते सांगतात : ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० म्हणजे लुफ्तान्सा.

आमच्या ओळखीचे एक सभासद पत्नीसह मुलाकडे निघाले. गुडघे दुखतात म्हणून मुलाने तिकीट विकणाऱ्या कंपनीला व्हीलचेअर सांगून ठेवली होती. विमानतळावर दोघे त्याच कंपनीच्या रांगेत तासभर उभे राहिले. नंबर आल्यावर कळले, रांग दुसरीकडे आहे. तिकडे गेले तर व्हीलचेअरची नोंदच पोचलेली नव्हती. विमान मिळाले, पण मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. चूक कोणाची, हा वाद घरी बसून करायचा. विमानतळावर तो उपयोगी पडत नाही.

म्हणून कामाची वाटणी लक्षात ठेवा.

१) तारीख बदलणे, नाव दुरुस्त करणे, तिकीट रद्द करून पैसे परत मागणे : विकणाऱ्या कंपनीकडे.

२) विमानतळावरची रांग, बोर्डिंग पास, त्या दिवशीचा उशीर : उडवणाऱ्या कंपनीकडे.

३) व्हीलचेअर, पथ्याचे जेवण, आसन : विकणाऱ्याला सांगा आणि उडवणाऱ्याकडे नोंद पोचली का, हे स्वतः विचारा. दोन्ही कंपन्यांचे बुकिंग क्रमांक वेगळे असू शकतात. विकणाऱ्याकडून दोन्ही मागून घ्या.

४) सामानाचे वजन : तिकिटावर छापलेले पाहा, अंदाजाने बॅगा भरू नका.

कायद्यातही हा फरक आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाने विमान आयत्या वेळी रद्द झाल्यास लांबच्या प्रवासासाठी ६०० युरोपर्यंत भरपाई ठरवली. काही अपवाद आहेत, पण जबाबदारी उडवणाऱ्या कंपनीची. मुंबईहून युरोपला जाताना हा नियम उडवणारी कंपनी युरोपीय असेल तरच लागू होतो, तिकीट कोणीही विकलेले असो. सामानाबाबत १९९९ चा माँट्रियल करार आहे. भारत त्यात २००९ साली आला. बॅग फुटली तर मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा आली तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी. ती दोहोंपैकी कोणत्याही कंपनीकडे केली तरी चालते.

मग तिकीट घ्यावे कोणाचे? एकाच विमानाने सरळ जायचे असेल आणि भाड्यात फारसा फरक नसेल, तर उडवणाऱ्या कंपनीचेच घ्यावे. सगळा कारभार एका दारात राहतो. पुण्याहून दिल्ली आणि तिथून पुढे फ्रँकफुर्ट असा जोडप्रवास असेल, तर भागीदार कंपनीचे एकच तिकीट सोयीचे. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले, तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटे काढली तर तो भुर्दंड आपल्या माथी.

मुलांनी तिकीट पाठवले की नुसती तारीख पाहून ते कपाटात ठेवू नका. विकणारा कोण, उडवणारा कोण, ही दोन नावे कागदावर लिहा आणि तो कागद पासपोर्टसोबत ठेवा.