धनुष्य उत्तम, पण कारखाना टिकेल का?



आपल्या क्रीडासाहित्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या कपाटात दोन धनुष्ये टांगलेली तुम्ही पाहिली असतील. ती मोडलेली नाहीत. मधली मूठ धड आहे, रंगही शाबूत आहे. पण त्यांना पाती नाहीत, म्हणून ती निकामी आहेत.

पालकांच्या वर्गणीतून आम्ही एकदा एका लहान कारखान्याकडून चार धनुष्ये घेतली होती. कारागीर हाताचा खरोखर चांगला होता. ओढ गुळगुळीत, बाण सरळ, किंमतही परवडणारी. तिसऱ्या वर्षी दोन धनुष्यांच्या पात्यांचे थर सुटले. हमीचा कागद आमच्याजवळ होता, पण कारखाना बंद झाला होता. पाती बसवण्याची खाच त्या कारागिराची स्वतःची, त्यामुळे दुसऱ्या कोणाची पाती त्यात बसेनात. त्या वर्षी निवड चाचणीला आपली एक विद्यार्थिनी दुसऱ्याचे, कमी ओढीचे धनुष्य घेऊन उभी राहिली. तिची निवड झाली नाही. धनुष्य तिचे असते तर झाली असती, असे आम्ही म्हणत नाही. पण तिला सरावाचे धनुष्य हाती मिळायला हवे होते, एवढे नक्की.

यंदा विश्वस्त मंडळाने धनुष्यांसाठी पुन्हा रक्कम मंजूर केली आहे. तेव्हा वस्तूचा दर्जा आणि ती बनवणाऱ्याच्या व्यवसायाची स्थिरता यांची तुलना कशी करावी, हे या पाठात पाहू.

१. वस्तूचा दर्जा

स्पर्धेच्या रिकर्व्ह धनुष्याचे मुख्य भाग तीन : मधली मूठ, वरखालची दोन पाती (खेळाडू त्यांना लिम्ब म्हणतात) आणि दोरी. पाती म्हणजे लाकडाचा किंवा फोमचा गाभा, आणि त्यावर काचतंतूचे किंवा कार्बनचे थर चिकटवलेले. सारी करामत या चिकटवण्यात असते. डिंक नीट बसला नाही किंवा उष्णता कमीजास्त झाली, तर दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. हजारो वेळा ओढल्यावर दिसतो.

ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे. म्हणून प्रत्येक ओढ आधीच्या ओढीसारखी हवी. तपासायचे ते असे : दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मध्यातून जाते का, पाते पिळलेले आहे का, २८ इंचांच्या ओढीला पात्यावर लिहिलेले पौंड काट्यावर खरोखर येतात का. ही तपासणी शिक्षकांसमोरच करावी, आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. तसे केल्यास चांगले धनुष्यही फुटते आणि इजा होते.

२. कारखान्याची प्रकृती

दर्जा डोळ्यांना दिसतो, व्यवसाय दिसत नाही. त्यासाठी थोडे गणित करू. समजा, एक कारागीर महिन्याला १० धनुष्ये करतो आणि प्रत्येकी २०,००० रुपयांना विकतो. विक्री २,००,००० रुपये. कच्चा माल प्रत्येकी ९,००० प्रमाणे ९०,००० रुपये. मजुरी, भाडे आणि वीज मिळून ८०,००० रुपये. शिल्लक ३०,००० रुपये. चांगले चालले आहे, असे वाटते.

आता समजा, जुन्या ग्राहकांकडून दोन धनुष्ये हमीत परत आली आणि बदलून द्यावी लागली. केलेल्या दहांपैकी आठच विकायला उरली. विक्री १,६०,००० रुपये. खर्च तोच, १,७०,००० रुपये. म्हणजे १०,००० रुपयांचा तोटा. दोनच धनुष्यांनी नफ्याचा तोटा केला.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, दर्जा आणि स्थिरता या वेगळ्या वस्तू नाहीत. दर्जा ढळला की लहान व्यवसाय आधी ढासळतो. दुसरी, अशा महिन्यात कारागीर काय करतो? नव्या ग्राहकाची आगाऊ रक्कम घेऊन जुन्याचा माल पुरा करतो. पुढच्या महिन्यात त्या नव्याचा माल अडतो. बाहेरून मात्र मागणीची वही भरलेली दिसते. म्हणून भरलेली वही हे तब्येतीचे लक्षण धरू नये. विचारावे ते हे : मागच्या ग्राहकांना माल सांगितलेल्या तारखेला मिळाला का? पूर्ण रक्कम आधीच मागतात का? सुटे भाग तयार ठेवतात का? कारागीर आजारी पडला तर काम जाणणारा दुसरा कोणी आहे का?

३. मोठी कंपनी म्हणजे निश्चिंती?

येथे पालक म्हणतील, मग मोठ्या नावाचेच घ्या. हेही तपासून पाहू.

जपानची यामाहा ही वाद्ये बनवणारी बलाढ्य कंपनी. तिची धनुष्ये जगभरचे खेळाडू नावाजत. पण २००२ साली तिने धनुष्ये बनवणे बंद केले. कंपनी बुडाली नाही, ती आजही आहे. फक्त हा विभाग तिने सोडला. धनुष्य हातात असलेल्या खेळाडूला यात फरक तो काय?

उलट बाजूही पाहा. अमेरिकेतील होयट हे नाव १९३१ साली सेंट लुईस येथे एका पितापुत्रांच्या कामातून उभे राहिले. १९८३ मध्ये बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीने ते विकत घेतले आणि होयट धनुष्ये आजही बनतात. फ्रेड बेअर यांनी १९३३ साली डेट्रॉईट येथे काम सुरू केले. १९६८ मध्ये कंपनी विकली गेली, १९७८ मध्ये कारखाना फ्लोरिडात गेला, पण नाव टिकले. कोरियाची विन अँड विन १९९३ साली एका माजी प्रशिक्षकाने काढली. आजचे मोठे काल लहानच होते. लहानांकडून कोणी घेतलेच नसते, तर ही नावे आपल्याला ठाऊकही झाली नसती.

४. खरा आधार जोडणीचा

आपल्या शेजारी छोटा उदेपूरकडे राठवा आणि भिल्ल बांधव बांबूचे धनुष्य करतात. एक कारागीर गेला तरी पाड्यावर ते काम जाणणारा दुसरा हात असतो. ज्ञान एका घरात कोंडलेले नसते, म्हणून धनुष्य अनाथ होत नाही.

आधुनिक धनुष्यात हेच काम सामाईक जोडणी करते. होयटच्या धनुष्यांवर १९८० च्या दशकात आलेली पात्यांची जोडणी पुढे अनेक कंपन्यांनी स्वीकारली. तिला आयएलएफ म्हणतात. एका कंपनीच्या मुठीला दुसरीची पाती बसतात. एक कारखाना बंद पडला तरी मूठ निकामी होत नाही. काही कंपन्यांच्या स्वतःच्या वेगळ्या जोडण्याही आहेत, म्हणून विचारूनच घ्यावे. चाके असलेल्या कंपाउंड धनुष्यात मात्र चाके आणि पाती ज्याची त्याचीच लागतात. तेथे कारखान्याची स्थिरता अधिक तोलून पाहावी लागते. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारातच जगज्जेते झाले. आपल्या मुलांचा ओढा तिकडे वाढला आहे, म्हणून ही सूचना.

५. मंडळापुढे ठेवलेला विचार

आम्ही असे सुचवले आहे : मुठी सामाईक जोडणीच्याच घ्याव्यात. पाती मुलांच्या वाढत्या ताकदीबरोबर बदलावीच लागतात, म्हणून त्यांतली थोडी लहान कारागिराकडून घेण्यास हरकत नाही. आगाऊ रक्कम बुडाली तरी शाळेला सोसेल एवढीच द्यावी. आणि एक जोडी पाती पहिल्या दिवसापासून राखीव असावी. मागच्या खेपेला आम्ही धनुष्य पारखले, पण ते बिघडले तर पुढे काय, हे विचारले नाही. ती चूक कारागिराची नव्हती, आमची होती.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात एकच धनुष्य परत आले, तर महिन्याची शिल्लक किती राहील?
२. घरातील एखादी वस्तू घ्या. ती बनवणारा उद्या बंद झाला, तर तिचा कोणता भाग मिळणार नाही? आईवडिलांना विचारून लिहा.
३. तुमच्या ओळखीच्या शिंपी, सुतार किंवा सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारा : आगाऊ रक्कम केव्हा घेता, आणि का? उत्तर दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.