राखीव वाटा आणि नमुना ७

कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मंजूर असले, तरी नमुना ७ भरल्याविना पाळी मिळत नाही. सरकारी खरेदीचेही तसेच आहे.

२०१२ च्या आदेशातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार केंद्राची खाती व सरकारी कंपन्यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिला उद्योजकांकडून.

आपली मुले उल्हासनगरात शिलाई करतात, अंबरनाथ-बदलापुरात लेथ चालवितात. अंबरनाथची आयुधनिर्माणी दाराशीच आहे. त्यांना आम्ही सांगतो : उद्यम नोंदणी करा, ती मोफत होते. मग निविदा भरा. बयाणा रक्कम माफ असते. आणि कारखाना सूनबाईचा असेल, तर नोंदणीही तिच्याच नावे करा.

मागितल्याविना राखीव वाटा कागदावरच वाळतो.