डेटाबेसचा इशारा आणि डेटाबेसचा नकार

मुलाचें गणित चुकलें असतां शिक्षकास दोन मार्ग असतात. वही परत करून 'पुन्हां सोडव' असें म्हणावें, किंवा स्वतःच आंकडा बदलून समासांत बारीकशी खूण करावी. दुसरा मार्ग दयेचा वाटतो. परंतु ज्यानें समास पाहिलाच नाहीं, त्यास आपली चूक कळावी कशी? माहितीच्या नोंदी रकान्यांत सांठवून ठेवणाऱ्या संगणकप्रणालीस डेटाबेस म्हणतात. तिच्यापुढेंही हेच दोन मार्ग असतात : नकार किंवा इशारा.

आमच्या वाचकांपैकीं जे विद्यार्थी प्रोग्राम लिहूं लागले आहेत, त्यांनीं मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसचें उदाहरण पाहावें. त्यांतील साध्या टायनीइंट रकान्यांत १२७ हून मोठी संख्या मावत नाहीं. समजा, एकूण गुणांसाठीं कोणी चुकून हाच रकाना योजिला. जुन्या आवृत्त्यांच्या मूळ मांडणींत ४८५ गुण लिहिले तरी १२७ च नोंदले जात, आणि ३१० लिहिले तरीही १२७ च. पहिला आणि विसावा एका पंक्तीला! लांब नांवाचें शेपूट असेंच छाटलें जाई. ३१ फेब्रुवारी लिहिल्यास तारखेच्या जागीं नुसतीं शून्यें बसत. डेटाबेस इशारा देई खरा. पण तो 'शो वॉर्निंग्ज' ही आज्ञा देऊन मागून घ्यावा लागे, आणि पुढील नोंद लिहितांच पहिला इशारा पुसला जाई. प्रोग्राम लिहिणारा 'नोंद झाली' एवढेंच ऐकून पुढें जाई.

पोस्टग्रेसक्यूएल हा दुसरा डेटाबेस अशा वेळीं साफ नकार देतो; इतकेंच नव्हे, तर व्यवहाराच्या मध्येंच चूक घडली तर तो मागें घेईपर्यंत पुढची एकही आज्ञा ऐकत नाहीं. नवशिक्यास हा हट्ट वाटतो. मला तो फार आवडतो.

मायएसक्यूएलमध्यें कडक पद्धत २००५ च्या ५.० आवृत्तींत आली; २०१५ च्या ५.७ पासून ती मूळचीच चालूं असते. तथापि 'इन्सर्ट इग्नोर' अशी आज्ञा दिली कीं नकाराचा पुन्हां इशारा होतो. दुबार नोंदी टाळाव्या म्हणून कोणी ती वापरतो, आणि तिच्या आडून तोच १२७ परत येतो.

एका प्रसंगीं तर इशाराही नसतो. अमुक हजेरीक्रमांकाच्या मुलाचे गुण दुरुस्त करावे अशी आज्ञा दिली, आणि तो क्रमांकच यादींत नसला, तर दोन्ही डेटाबेस काम झालें म्हणूनच कळवितात. बदललेल्या ओळींची संख्या मात्र शून्य असते. तें शून्य प्रोग्रामनें स्वतः वाचावें लागतें.