वाऱ्यावरची फळी आणि पाण्याखालचें पातें

नागांवच्या किनाऱ्यावरून शिडाच्या होड्या जातांना आपण पुष्कळदां पाहतों. वारा आडवा असूनहि होडी पुढें कशी जाते? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचा विचार आपण येथें करूं.

शिडावर पडणारा जोर होडीस पुढें ढकलतो, तसाच बाजूसहि ढकलतो. होडीच्या बुडाचें लांब लाकूड, ज्यास खलाशी पठाण म्हणतात, तें या आडव्या सरकण्यास विरोध करितें. शिडाच्या फळीचा खेळ, म्हणजे विंडसर्फिंग, याच नियमावर चालतो. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यास प्रथम स्थान मिळालें. या सपाट फळीस पठाण नसतो. तें काम मागील टोकाखालीं बसविलेलें, माशाच्या परासारखें पातें करितें. त्यास फिन म्हणतात.

पातें केवढें असावें? पात्यावरील पाण्याचा आडवा जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वाढतो, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांतहि वाढतो. वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो. म्हणून तेवढ्याच जोरास एकचतुर्थांश क्षेत्रफळ पुरतें. यास्तव मंद वाऱ्यांत मोठें पातें व सोसाट्याच्या वाऱ्यांत लहान पातें लावितात. मोठें पातें वेगांत फळी उचलून धरतें व विनाकारण घर्षण वाढवितें. फार लहान पातें पाण्यावरील पकड सोडतें आणि फळीचें शेपूट एकाएकीं घसरतें.

फळीची रुंदीहि पाहिली पाहिजे. रुंद फळीवर स्वाराचे पाय मध्यरेषेपासून दूर असतात. तरफेच्या नियमानें तो लांब पात्याचा जोर तोलूं शकतो. अरुंद फळीवर तें साधत नाहीं. म्हणून मंद वाऱ्याच्या शर्यतींतील सुमारें १ मीटर रुंद फळीस ७० सेंटिमीटरांपर्यंत पातें चालतें. केवळ वेगासाठीं केलेली फळी सुमारें निम्मी रुंद असते व तिचें पातें फारच आंखूड असतें. २०१५ सालीं नामिबियांतील ल्युडरित्स येथें आंत्वान आल्बो यांनीं अशाच अरुंद फळीवरून ५३.२७ नॉट, म्हणजे ताशीं ९८ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला.

आपल्या अलिबागेच्या दर्यावर्द्यांसहि हें तत्त्व अपरिचित नव्हतें. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारांतील गलबतें उथळ बुडाचीं असत. त्यामुळें मोठीं जहाजें जेथें रुततील अशा खाड्यांत तीं सहज शिरत.

नागांवचा किनारा सपाट आहे. ओहोटीस पाणी दूर जातें. तेव्हां लांब पातें वाळूंत अडकलें तर फळी जागींच थांबते व स्वार पुढें फेंकला जातो. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ तो सौम्य वाटतो. परंतु नवशिक्यास तो हळूहळू दूर नेतो, आणि परत येण्यास त्याच वाऱ्याशीं झगडावें लागतें. सबब जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून कोणींहि पाण्यांत जाऊं नये, अशी आमची मुलांस व पालकांस विनंती आहे.

मोठें तें चांगलें, किंवा लहान तें चपळ, असा सरसकट नियम नाहीं. वारा, पाणी, फळी आणि स्वाराचें बळ या चोहोंचा मेळ जो बसवितो, त्यासच वेग साध्य होतो.