प्लेअरची बॅटरी स्वतः बदला, पण खरी बदला

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड कोठेही जा. शिंप्याच्या मशीनजवळ, गॅरेजमध्ये किंवा दुकानाच्या गल्ल्यावर मेमरी कार्डवर चालणारा छोटा प्लेअर वाजताना दिसतो. वर्ष-दोन वर्षांत "चार्ज टिकत नाही" अशी तक्रार सुरू होते. मालक तो अडगळीत टाकतो आणि नवा विकत घेतो. वास्तविक पुष्कळदा यंत्र शाबूत असते, संपलेली असते ती फक्त बॅटरी. हे काम घरी करता येते आणि कारागिराला त्यात चार पैसेही मिळू शकतात. म्हणून आम्ही त्याची माहिती येथे देत आहोत.

१९७९ मध्ये वॉकमन आला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पेन्सिल सेल संपले की दुसरे घातले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे २००१ च्या आयपॉडमध्ये अशी बॅटरी आत बंद करून बसविलेली होती. तेव्हापासून बॅटरी संपली म्हणजे यंत्रच संपले, असा गैरसमज रुजला.

आधी दोष ओळखा

पेचकस हाती घेण्यापूर्वी दुसरी केबल व दुसरा चार्जर लावून पाहावा. चार्जिंगचे सॉकेट हलत असेल तर दोष तेथेच असू शकतो. नंतर मल्टिमीटर लावावा. एका सेलची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट दाखविते. प्लेअर सुरू करताच काटा झपाट्याने खाली आला तर बॅटरी थकली असे समजावे. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नये, टोचू नये व पुन्हा चार्ज करू नये.

बॅटरीचे तीन प्रकार

पहिला प्रकार बीएल-५सी. ही मूळची नोकिया मोबाईलची चपटी बॅटरी असून झाकण काढले की निघते. दुसरा १८६५० हा गोल सेल. त्याच्या नावातच माप आहे: व्यास १८ व लांबी ६५ मिलिमीटर. तिसरी चंदेरी पाकिटासारखी मऊ बॅटरी. तिच्यावर ५०३०४० असा आकडा असेल तर जाडी ५, रुंदी ३० व लांबी ४० मिलिमीटर समजावी. नवी बॅटरी घेताना व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. जागेत बसत असेल तर एमएएच थोडे जास्त चालतात.

बदलण्याची रीत

१. चार्जर काढावा. प्लेअर बंद होईपर्यंत वाजवून बॅटरी उतरवावी. नंतर स्विच बंद करून स्क्रू काढावेत. खाच उघडण्यास जुने प्लास्टिकचे कार्ड वापरावे, चाकू नव्हे.

२. लाल व काळी तार कोठे जोडली आहे ते कागदावर काढून ठेवावे.

३. एका वेळी एकच तार कापावी आणि तिच्या टोकाला लगेच टेप गुंडाळावी, मग दुसरी कापावी. आम्ही शिकताना घाईत दोन्ही तारा एकदम कापल्या. ठिणगी उडाली आणि पक्कडीच्या धारेला खड्डा पडला.

४. नवी बॅटरी तारांसह व संरक्षक सर्किटसह घ्यावी. जोडण्यापूर्वी धन व ऋण टोके मीटरवर तपासावीत. तारेला तार जोडून डाग द्यावा. सेलच्या अंगावर तापलेली इस्त्री कधीही टेकवू नये.

५. जोड टेपने झाकावेत. पहिले चार्जिंग फरशीवर, आपल्या नजरेसमोर करावे, गादीवर नको.

आकड्याला भुलू नका

बाजारात ९९०० एमएएच असे छापलेले १८६५० सेल मिळतात. हा आकडा खोटा आहे. नामांकित कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण २००० ते ३५०० एमएएचचे असतात. चांगल्या सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम भरते. फारच हलका असेल तर घेऊ नये. मात्र वजन भरले म्हणजे सेल खराच, असेही नाही. म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, बिल घेऊनच माल भरावा.

नामांकित मालाबाबतही सावध असावे लागते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत इशारा दिला होता. चार्जिंग होताना त्या अतिशय तापण्याचा संभव होता. कंपनीने दोष जाहीर केला आणि बॅटऱ्या फुकट बदलून देऊ केल्या. निनावी सेल तापला तर ग्राहक कोणाकडे जाणार? तो आपल्याच दुकानात येईल.

कारागिरांसाठी

दर आधी सांगावा. जुनी बॅटरी ग्राहकाला दाखवावी आणि नवीवर तारीख लिहावी. दोष केबलचा निघाला तर बॅटरी विकू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. तेव्हा बॅटऱ्यांचा साठा पत्र्याखाली ठेवू नये. दुकानात कोरड्या वाळूची बादली असावी. फुगलेला सेल तीत ठेवून बादली उघड्यावर न्यावी.

जुन्या बॅटरीच्या टोकांना टेप लावून ती वेगळी ठेवावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यात न टाकता, गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावयाची असते.

तराजूत दांडी मारणे आणि खोट्या आकड्याचा सेल विकणे यांत फरक नाही. ग्राहकाला आतले काही दिसत नाही, तो आपल्या शब्दावर पैसे मोजतो. तो शब्द खरा ठेवला तर या छोट्या कामातही बरकत आहे.