पाण्याचा धर्म जाणणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल हाती पडला की जोगेश्वरीतल्या घराघरांत मुलाच्या आवडीपेक्षा अभ्यासक्रमाच्या नावावरच अधिक खल होतो. आणि ज्या नावात नवलाई अधिक त्यातच भवितव्य अधिक, असा ग्रह करून घेऊन पालक फीच्या तजविजीला लागतात. त्यांच्या काळजीविषयी पूर्ण आदर बाळगून मी एका नव्या विद्येचा दाखला देऊ इच्छितो.

छपरावरच्या सौर पॅनेलवर पडणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पंचमांशाचीच वीज होते. उरलेल्यापैकी बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन पॅनेललाच तापवते, आणि सिलिकॉनचा घट एका अंशाने तापला की त्याची वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. म्हणून पॅनेलच्या पाठीशी नळ्या जोडून त्यांतून द्रव खेळवावा, म्हणजे पॅनेल निवते आणि गरम पाणीही मिळते, अशी ही संकरित योजना आहे. तिची सारी भिस्त त्या द्रवावर. मुंबईत गोठण्याची धास्ती नाही, सबब येथे पाणीच उत्तम, मात्र त्यातील क्षार आणि गंज यांचा बंदोबस्त करावा लागतो. लेहला त्यात ग्लायकॉल मिसळावे लागते, पण त्याने द्रव दाट होऊन पंपाला वीज अधिक लागते. धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळल्यास उष्णतावहन सुधारते, परंतु ते कण तळाशी बसू न देणे हेच मोठे कठीण काम आहे.

हे प्रश्न सुटतात ते उष्मागतिकी, द्रवयांत्रिकी आणि रसायनशास्त्र यांच्या बळावर. 'सोलर एनर्जी' हा ग्रंथ १९८४ मध्ये सिद्ध करणारे डॉ. सुहास सुखात्मे मूळचे यंत्र अभियांत्रिकीचेच. त्यांनी जेथे अध्यापन केले आणि पुढे संचालकपद भूषवले, ती पवईची आयआयटी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच आहे. तेथे ऊर्जाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असून २०१० पासून सौरविजेचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही चालते. रसायन अभियांत्रिकीसाठी माटुंग्याची १९३३ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे, आणि शुद्ध विज्ञानाकडे ओढा असलेल्यांना जोगेश्वरीतच इस्माईल युसूफ महाविद्यालय आहे.

केवळ संकरित पॅनेलांच्या भरवशावर कारकीर्द उभारावी, अशी शिफारस मी करणार नाही, कारण ते क्षेत्र अद्याप लहान आहे. पण उष्णता वाहून नेण्याची हीच विद्या शीतगृहांना, रासायनिक कारखान्यांना, विजेच्या मोटारींतील बॅटऱ्यांना आणि संगणककेंद्रांनाही लागते. म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच, की प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी शाखेचे नाव बाजूला ठेवून तिच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय मुलासह वाचून पाहावेत, आणि ज्या विषयांत त्याचे मन रमेल त्यांचीच निवड करावी.